ठोकळा पडला, मग मार कुठे गेला?

ठोकळा, म्हणजे आमचं हातात धरायचं कामाचं यंत्र, माझ्या हातून निसटला तेव्हा मी चाळीस मीटर उंच खांबावर होते आणि खाली पायथ्याशी माझा सोबती केबल उलगडत होता. मी रेडिओवर ओरडले, "बाजूला हो! वरून पडतंय!" चंद्रावर एवढ्या उंचीवरून वस्तू खाली पोचायला सात सेकंद लागतात. माणूस सावध असेल तर सात सेकंद पुष्कळ झाले. त्यानं केबल टाकली, चार उड्यांत बाजूला गेला, वळून अख्खं अंग मागे झुकवलं (स्पेससूटमध्ये नुसती मान वर करून भागत नाही) आणि बघत उभा राहिला. ठोकळा त्याच्यापासून तीन हातांवर फरशीवर आदळला. हवा नाही, त्यामुळे आवाजही नाही. त्यानं तो उचलला, पुसला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, चालू आहे. तुमचा आराखडा तसाच उघडा आहे."

ही माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. आता चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकल्टन विवराच्या कडेवर माझी तीन वर्षं पूर्ण होताहेत. काम तेच, खांबांवरच्या सौर पट्ट्यांपासून खाली विवरात उतरणाऱ्या वीजवाहिन्या सांभाळायच्या. आणि हातातलं यंत्रही तेच. नव्या तुकडीतले लोक निघण्याआधी विचारतात की स्वतःसाठी कोणतं यंत्र निवडावं, आणि 'न तुटणारा' म्हणून ज्याचा एवढा बोलबाला आहे तो खरंच तसा आहे का. तसा आहे. मला तो तोडता आलेला नाही, आणि माझ्याआधी दोन वर्षं तो ज्यांच्याकडे होता त्यांनाही जमलं नव्हतं. पण या तीन वर्षांत मला एक प्रश्न विचारायची सवय लागली आहे, आणि तो माहितीपत्रकात कुठेच नाही. एवढं पडूनही याला काही होत नाही, तर तो मार जातो कुठे?

यादीत त्याला अक्षरं-आकड्यांचं लांबलचक नाव आहे. इथे सगळे ठोकळाच म्हणतात, कारण तो दिसतोच तसा. अर्ध्या विटेएवढा, राखाडी, आठही कोपऱ्यांना जाड काळ्या टोप्या. वस्तुमान सव्वा किलो. इथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे हाताला तो जेमतेम दोनशे ग्रॅमचा वाटतो. हे 'वाटतो' लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच येणार आहे. वाहिन्यांचे आराखडे, व्होल्टेज आणि विजेची गळती मोजणं, दिवा, आवाजी टिपणं, सूटमधला दाब आणि ऑक्सिजन दाखवणं, ही त्याची कामं. कॅमेरा आहे, ठीक आहे.

आधी कसोटीबद्दल, कारण पेटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत तेच छापलेलं असतं. अमेरिकी लष्कराचं ८१० क्रमांकाचं मानक आहे, त्यातली पडण्याची चाचणी. हातात धरायची उपकरणं १.२२ मीटरवरून, म्हणजे चार फुटांवरून, २६ वेळा पाडायची. २६ वेळाच का, तर चौकोनी डब्याला सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे असतात, प्रत्येकावर एकदा. ही चाचणी पृथ्वीवर होते. चार फुटांवरून पडलेली वस्तू तिथे सेकंदाला ४.९ मीटर वेगानं जमिनीवर आपटते. तेवढाच वेग इथे यायचा तर साडेसात मीटरच्या आसपास उंची लागते. म्हणजे कंबरेवरून, छातीवरून जे रोजचं पडणं असतं, ते इथे कसोटीच्या मानानं काहीच नाही. खांबावरून मात्र तो साडेअकरा मीटरच्या जवळपास वेगानं आला होता. पृथ्वीवर दुमजली घराच्या गच्चीवरून टाकला असता तर एवढाच वेग आला असता. कसोटी ज्या उंचीची हमी देते तिच्या पाचपटीहून जास्त उंचीवरून पडून तो चालू राहिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याबद्दल बनवणाऱ्यांना मनापासून शाबासकी.

हे कसं साधलंय ते समजून घेण्यासारखं आहे. पडद्यावरची काच नीलमण्याची, म्हणजे कृत्रिम सफायरची. खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोहस् मापनावर तिचा कठीणपणा ९. इथल्या मातीतलं जे खनिज जास्तीत जास्त कठीण म्हणावं असं सगळीकडे भेटतं ते ऑलिव्हिन, ते साताच्या आतबाहेर. साधी काच साडेपाच. म्हणून साध्या काचेचं यंत्र इथे आणलं तर महिन्याभरात पडद्यावर धुकं धरल्यासारखं होतं. ही धूळ समुद्रकाठच्या वाळूसारखी नाही. तिला वारा नाही, पाणी नाही, कोणी घासून गोल केलेलं नाही. कण जसा फुटला तसाच अणकुचीदार राहिलेला. शिवाय बारीक उल्कांच्या मारानं वितळून झालेली काचेची चुरही तिच्यात मिसळलेली. त्यात सूर्याच्या किरणांनी ती भारित होते आणि जिथे लागेल तिथे चिकटून बसते. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून सर्नन आणि श्मिट हे अंतराळवीर इथे चंद्रावर आले होते, तीन दिवसांत मिळून बावीस तास बाहेर होते. तेवढ्यातही धुळीनं त्यांना बेजार केलं, आणि यानात परतल्यावर श्मिट यांचं नाक चोंदलं. आम्ही वर्षानुवर्षं हिच्यात आहोत. पाच वर्षं वापरलेल्या माझ्या ठोकळ्याच्या पडद्यावर आजही एक ओरखडा नाही.

पण कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. कठीण वस्तूवर ओरखडा पडत नाही. चिवट वस्तू मार पचवते. हिऱ्यावर ओरखडा उठवायला हिराच लागतो, तरी तो हातोडीनं फुटतो. नीलमण्याची काचही तशीच आहे, एका टोकावर नेमका फटका बसला तर चरकन जाईल. म्हणून ती कडेपासून तीन मिलिमीटर खोल बसवली आहे आणि चारही बाजूंनी गॅस्केटवर, म्हणजे सांध्यातल्या मऊ पट्टीवर, टेकवली आहे. सांगाडा टायटॅनियमचा, सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम घातलेला, विमानांत वापरतात तोच मिश्रधातू. आणि सगळ्यांत महत्त्वाच्या त्या कोपऱ्यांच्या टोप्या. ठोकळा कसाही पडला तरी जमिनीला आधी टोपी लागते. ती दबते, दबताना मार आतल्या आत जिरवते, किंचित गरम होते आणि हळूच मूळ आकारात येते. तर पहिलं उत्तर हे. मार टोप्यांत जातो. यंत्र वाचतं ते टायटॅनियममुळे नाही, कोपऱ्यांतल्या मऊपणामुळे वाचतं.

थंडीची बाजूही विचारपूर्वक सांभाळली आहे. शॅकल्टनच्या कडेवर सूर्य क्षितिजालगतच गोल फिरत असतो, कधी डोक्यावर येत नाही. उजेड असला तरी सावल्या किलोमीटर किलोमीटर लांब. आणि आत विवराच्या तळाशी, एकवीस किलोमीटर रुंद आणि चार किलोमीटर खोल अशा त्या खड्ड्यात, ऊन कधी पोचतच नाही. तिथे उणे १८० अंशांच्या आसपास तापमान. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आतल्या पट्टीवर धातूचं लिथियम साचायला लागतं आणि ती बॅटरी कायमची बिघडते. ठोकळ्यातल्या दोन्ही बॅटऱ्या निर्वात कवचात आहेत, शेजारी बारीकसा हीटर. गार असताना चार्जरला लावलात तर तो आधी स्वतःला उबवत बसतो, वीस-पंचवीस मिनिटं आकडा हलत नाही. नवीन लोक या वेळात काढघाल करतात. करू नका. तो बरोबर करतोय.

उलट त्रास उन्हात होतो, आणि हा फारसा कोणी सांगत नाही. भोवती हवा नसल्यामुळे आतली उष्णता बाहेर जायला दोनच वाटा, एक किरणांवाटे आणि दुसरी कशाला तरी टेकून. सलग तासभर गळतीचं मापन चालू ठेवलं की तो तापतो आणि पडदा मंद करतो. त्याची पाठ सावलीतल्या एखाद्या धातूच्या ब्रॅकेटला पाच मिनिटं टेकवून ठेवा, लगेच ताळ्यावर येतो. विश्वकिरणांमुळे स्मृतीतले बिट उलटतात, त्यासाठी प्रत्येक माहितीच्या तीन प्रती ठेवतो आणि दोघींचं जुळेल ते खरं मानतो. 'एका प्रतीत फरक, दुरुस्त केला' अशी ओळ मी तीन वर्षांत अकरा वेळा पाहिली आहे. आराखड्यात एक आकडा चुकला तर चालू वाहिनीवर हात पडू शकतो, त्यामुळे ती ओळ दिसली की मला बरं वाटतं.

आता त्याच्या बाजूला जे वर्तुळाकार बटण आहे त्याबद्दल. मी ज्या यंत्रांवर आजवर काम केलं, त्यांत मला सगळ्यात जवळचं काही वाटलं असेल तर हे फिरवायचं बटण. फुगलेल्या हातमोज्यात बोटं वळवणं म्हणजे दिवसभर चेंडू दाबत राहणं. शिफ्ट संपली की नखांखाली ठसठसतं. काहींची नखं निघतात. पडद्याला हात लावून काही करायचं म्हटलं तर चार वेळा चुकीच्या जागी लागतं. हे बटण तळव्याच्या फुगवट्यानं फिरवता येतं, बोटं वळवायचीच नाहीत. प्रत्येक फेऱ्याला बारा टप्पे, आणि टप्पा ओलांडताना जो झटका बसतो तो मोज्यातून, तळहातातून मनगटापर्यंत कळतो. अंधारात, ठोकळा पाठीमागे असताना, न बघता मी 'तीन टप्पे उजवीकडे, एक दाब' करून दिवा लावते. आत वंगण नाही, ते निर्वातात उडून जाईल. त्याऐवजी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा कोरडा थर आहे. पाच वर्षांत टप्पे बोथट झालेले नाहीत. ज्यानं कोणी हे बटण आखलं, त्यानं हातमोजा घालून शिफ्ट केली असली पाहिजे.

माझ्याआधी हा ज्यांच्याकडे होता त्यांना मी भेटलेले नाही. आमची तुकडी उतरली तेव्हा ते परतीच्या वाटेवर होते. पण त्यांचा आवाज मला पाठ आहे. आराखड्यांबरोबर त्यांची टिपणंही ठोकळ्यात राहिली, आणि ती पुसायचं माझ्या कधी मनात आलं नाही. आधी एक श्वास ऐकू येतो, मग मोजकं बोलणं. "जोडपेटी चौदा. डावा बोल्ट अडतो. जोर नको, उलट अर्धा फेरा देऊन मग." अशी दोनशेच्या वर टिपणं आहेत आणि त्यांतल्या कित्येकांनी माझे तास वाचवले. त्यांतच चार सेकंदांचं एक होतं. "ठोकळा गारठ्यात उसळतो." एवढंच. मी ते कित्येकदा ऐकलं आणि पुढे गेले. पडलेली वस्तू उसळते, त्यात सांगण्यासारखं काय?

ते कळायला तिसरं वर्ष उजाडावं लागलं. जोडपेटी एकतीस कडेच्या खाली, आतल्या उतारावर, कायमच्या सावलीत आहे. दोन तास तिथे बसून मी एक जोड बदलत होते. ठोकळा शेजारी जमिनीवर, दिवा माझ्या हातांवर. काम झालं, मी पट्टा मनगटात अडकवला आणि वर ओढून नेणाऱ्या विंचला खूण केली. दोरीला नेहमीपेक्षा जोराचा हिसका बसला. तोल सावरायला मी उजवा हात झटकन वर, आधाराच्या रुळाकडे नेला. पट्टा अर्धा मीटर लांबीचा. त्याच्या टोकाचा ठोकळा खालून वर्तुळात फिरून आला आणि माझ्या चेहऱ्यासमोरच्या काचेवर आदळला. बाहेर आवाज नसतो, पण हा सूटमधून आला, मानेभोवतीच्या कड्यातून, दातात खडा सापडावा तसा 'कट्'. डोळ्यांसमोर पांढरी चांदणी उमटली. सात पाय होते तिला. मी मोजले, कारण त्या क्षणी दुसरं काही करायचं सुचत नव्हतं.

शिरस्त्राणाला दोन थर असतात. आतला दाब धरणारा, बाहेरचा उन्हापासून आणि धक्क्यांपासून वाचवणारा. गेला तो बाहेरचा. पण चांदणी डोळ्यांच्या चार बोटं पुढे असते तेव्हा कोणता थर ते माणसाला कळत नाही. मी हात खाली केला आणि दाब बघितला, ठोकळ्याच्याच पडद्यावर. आकडा हलत नव्हता. मुकादमांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आहात तिथेच बसा. हात खाली, मांडीवर. काही पकडू नका, काही उचलू नका. मी येतोय." ते यायला एकोणीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी त्या आकड्याकडे बघत बसले होते. ज्यानं काच फोडली होती तोच मला सांगत होता की मी सुखरूप आहे. त्याच्यावर कुठे टवकाही उडाला नव्हता.

नंतर वर्कशॉपमध्ये बसून आम्ही याचा छडा लावला. एक चूक माझी, आणि ती इथे येणारा प्रत्येक जण करतो. हाताला दोनशे ग्रॅमचा वाटतो म्हणून मी त्याला दोनशे ग्रॅमचा समजत आले होते. वजन एक षष्ठांश होतं, जडत्व एक कणही कमी होत नाही. पट्ट्याच्या टोकाला गरगर फिरून येणारा ठोकळा पृथ्वीवर जेवढ्या ताकदीनं लागला असता तेवढ्याच ताकदीनं इथे लागतो. सव्वा किलोचा टायटॅनियमचा डबा मनगटाला बांधून कोणी पृथ्वीवर हात झटकेल का?

दुसरी चूक टोप्यांची. रबरासारखे पदार्थ एका ठरावीक थंडीखाली मऊ राहत नाहीत, काचेसारखे होतात. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर यान कोसळलं त्यामागे सांध्यांतलं रबरी कडं होतं; गारठलेल्या सकाळी ते वेळेवर मूळ आकारात येऊन फट बुजवू शकलं नाही. पुढच्याच महिन्यात चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून चिमटा सोडला आणि तो तुकडा लगेच मूळ आकारात येत नाही हे सगळ्यांना दाखवलं. त्या रबराला बर्फाचं पाणी पुरलं. ठोकळ्याच्या टोप्यांचं रबर त्याहून कितीतरी चांगलं आहे, पण सावलीतल्या जमिनीवर दोन तास ठेवल्यावर तेही दगड होतं. पाच वर्षं किरणोत्सर्ग खाल्लेलं असेल तर लवकर होतं. मग टोपी दबत नाही, मार जिरवत नाही. जेवढा मार आला तेवढा परत देते, जे समोर असेल त्याला. टायटॅनियमला त्याचं काही वाटत नाही. माझ्या काचेला वाटलं.

मला त्या दिवशी अपोलो १७ ची दुसरी गोष्ट आठवली. सर्नन यांच्या पायावरच्या खिशात हातोडी होती. चंद्रावर फिरायच्या गाडीजवळून जाताना ती मागच्या चाकावरच्या मडगार्डला अडकली आणि मडगार्डचा तुकडा मोडला. हातोडीला काय होणार! पण मडगार्डशिवाय चाकानं उडवलेली धूळ थेट अंगावर यायला लागली. टेपनं चिकटवलेला तुकडा टिकला नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी चार जाड नकाशे टेपनं एकमेकांना जोडून, चिमट्यांनी आवळून नवं मडगार्ड केलं. मोडलेल्या वस्तूची गोष्ट सगळे सांगतात, आणि ते नकाशांचं मडगार्ड होतंच सांगण्यासारखं. मला विचाराल तर पहिला प्रश्न त्या हातोडीचा आहे, ती कुठे अडकवायची हा.

मग आम्ही मोजमाप केलं. सावलीत तासभर ठेवलेला ठोकळा छातीच्या उंचीवरून, फरशीवर, कोपऱ्यावर पडेल असा सोडायचा आणि किती उसळतो ते बघायचं. इथे सगळं सावकाश होतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही उंची नीट दिसते. वर्षभर वापरलेला ठोकळा घोट्यापर्यंत उसळला. माझा गुडघ्याच्या वर गेला, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मार जिरलाच नाही, शिल्लक राहिला. 'गारठ्यात उसळतो.' चार सेकंदांच्या त्या टिपणात सगळं होतं. ज्यांनी ते बोलून ठेवलं त्यांच्याकडे तेव्हा मोजायला दुसरा ठोकळा नव्हता, आणि ऐकायला माझ्यासारखी होती. याचं मला फार वाईट वाटतं.

ठोकळा जुना असेल तर ही उसळीची तपासणी दर महिन्याला करा. उबदार खोलीत करू नका, तिथे सगळ्याच टोप्या शहाण्यासारख्या वागतात.

टोप्या बदलता येत नाहीत, ही या यंत्रातली सगळ्यात मोठी खोट. बॅटरी मोजे घालून बदलता येते, पट्टा बदलता येतो, पडद्याचं गॅस्केटसुद्धा वर्कशॉपमध्ये बदलता येतं. जो भाग मार खाण्यासाठीच केला आहे तेवढा मात्र सांगाड्यात कायमचा जोडून टाकलाय. आमच्या वर्कशॉपनं यावर तोड काढली. केबलच्या शिल्डिंगची जी स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी असते, तिचे तुकडे गुंडाळून, घासणीसारखे गोळे करून प्रत्येक कोपऱ्यावर तारेनं बांधले. रबर गारठ्यात काच होतं, पण या जातीचं पोलाद तेवढ्या थंडीतही ठिसूळ होत नाही. तारा एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यात मार जिरतो. आता माझा ठोकळा गारठ्यात घोट्याच्या जरा वर जातो, बस. दिसायला ओबडधोबड झालाय, जाळीत धूळ भरते, दोन-अडीच महिन्यांनी गोळे चपटे होतात आणि नवे बांधावे लागतात. ती खटपट मी आनंदानं करते.

बनवणाऱ्यांना मी सविस्तर लिहिलं होतं, उसळीच्या मापांसकट. उत्तरात तीन तक्ते आले. उपकरण सर्व कसोट्यांत उत्तीर्ण आहे, उपकरणाला इजा झालेली नाही, सबब तक्रार निकाली. इथल्या सामान विभागाच्या वहीतही तसंच आहे. एका रकान्यात 'ठोकळा: सुस्थितीत', दुसऱ्या रकान्यात 'शिरस्त्राणाची बाहेरची काच: बदलली'. दोन रकान्यांमध्ये एक उभी रेघ. ती रेघ बघून मला राग आला आणि अजूनही येतो. उपकरण शाबूत राहिलं एवढंच मोजायचं असेल तर लोखंडाची पहार कोणतीही कसोटी पास होईल. हातात धरायच्या यंत्रावर, त्याच्यापासून वीतभर अंतरावर माणसाचा चेहरा असताना, तो मार परत किती देतो हा आकडा छापलाच पाहिजे. गारठ्यातला आणि पाच वर्षं झालेल्या टोप्यांचा.

तरीही तुम्ही मला विचारलंत तर मी हाच घ्या म्हणेन. दुसरी दोन यंत्रं मी वापरून पाहिली आहेत. एकाचा पडदा गारठ्यात इतका मंदावतो की आकडा बदलायला थांबावं लागतं, आणि दुसऱ्याची बॅटरी हातमोजे काढल्याशिवाय निघत नाही, म्हणजे बाहेर निघतच नाही. ठोकळ्यावर मी माझ्या जिवाचा आकडा बघितला आहे आणि तो खरा निघाला आहे. फक्त नवा मिळाला तर तारीख लिहून ठेवा, जुना मिळाला तर आधी उसळी बघा. सावलीतल्या कामाला जाळीचे गोळे बांधल्याशिवाय नेऊ नका. आणि मनगटाचा पट्टा सोडून द्या. कमरेच्या पट्ट्याला जी आखडती दोरी लावता येते ती सामान विभागाकडे मागून घ्या. हातभर ओढली जाते, सोडली की ठोकळा कमरेशी परत. झुलायला जागाच राहत नाही.

दोन महिन्यांनी माझा करार संपतो आणि हा पुढच्या कोणाच्या तरी हातात जाईल. टिपणं मी तशीच ठेवणार आहे. त्या चार सेकंदांच्या टिपणाला लागून मी माझं एक जोडलं आहे, थोडं लांबलं, अकरा सेकंदांचं आहे. "वरचं खरं आहे. मी गुडघ्याच्या वर मोजलं. जोडपेटी एकतीसला जाताना मनगटाला बांधू नकोस, कमरेला लाव. कोपऱ्यांची जाळी दाबून बघ, चपटी लागली तर बदल."